व्यापाऱ्याच्या तसबिरीवर पुतळ्याचा खटला

7 जून 2020 रोजी ब्रिस्टलमध्ये निदर्शकांनी एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा पाडला आणि फरफटत नेऊन बंदराच्या पाण्यात लोटला. दोनच दिवसांनी लंडनच्या जुन्या वेस्ट इंडिया गोदीपाशी उभा असलेला रॉबर्ट मिलिगनचा पुतळा क्रेनने उचलला गेला. दोघांचीही संपत्ती गुलामांच्या घामातून आणि रक्तातून आलेली. तिथून हा वाद चौक ओलांडून संग्रहालयांच्या दालनांत शिरला आणि त्याची नजर साहजिकच 1790 ते 1850 या काळातल्या व्यापाऱ्यांच्या तैलचित्रांवर गेली. साखर, तंबाखू, कापूस, चहा, अफू, जहाजांचे विमे यांतून पैसा केलेली ही माणसं. काळे कोट, पांढरेशुभ्र गळपट्टे, मागे वादळी आकाश किंवा लाल पडदा. एक पक्ष म्हणतो, उतरवा. दुसरा म्हणतो, चित्राकडे चित्र म्हणून बघा, पैशाचं काय ते इतिहासकार पाहून घेतील. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि दोघींनाही प्रत्यक्ष चित्राकडे बघायला सवड नाही.

माझ्या मते पुतळ्यासाठी तयार झालेला युक्तिवाद तसबिरीला जसाच्या तसा लावणं, हीच या वादातली मूळ गफलत आहे. मिलिगन 1809 मध्ये वारला आणि पुतळा 1813 चा. कोल्स्टन वारला 1721 मध्ये आणि त्याचा पुतळा उभा राहिला थेट 1895 मध्ये. म्हणजे पुतळा हा मागे राहिलेल्या लोकांनी त्या माणसाबद्दल दिलेला निकाल असतो आणि निकाल पुढची पिढी फिरवू शकते. तसबिरीचं तसं नाही. ती बहुतेक वेळा त्या माणसाने हयातीत, स्वतःच्या पैशाने, स्वतःबद्दल दिलेली जबानी असते. खोटी का असेना, जबानी कोणी दप्तरातून फाडून टाकत नाही. तिची उलटतपासणी करतात. ती करायची तर चित्र भिंतीवर हवं, आणि शेजारी त्या माणसाचा हिशेबही हवा. नुसतं नाव आणि जन्म-मृत्यूची सालं लिहिलेली पट्टी लावून ठेवलेलं चित्र आणि तळघरात हलवलेलं चित्र यांत फरक वाटतो तेवढा नाही. पैसा कुठून आला हे दोन्हीकडे झाकलेलंच राहतं, आणि ते झाकलेलं राहावं हीच तर पैसे मोजणाऱ्याची इच्छा होती.

उलटतपासणी करायची म्हणजे काय, हे जरा तपशिलात पाहू. इंग्लंडमध्ये त्या काळी कॅनव्हास ठरलेल्या मापांत मिळत. 30 बाय 25 इंचांचा ‘थ्री-क्वार्टर्स’, 36 बाय 28 चा ‘किट-कॅट’, 50 बाय 40 चा ‘हाफ-लेंग्थ’ आणि 94 बाय 58 चा पूर्णाकृती. दर मापावर ठरे. लंडनचा नामांकित व्यक्तिचित्रकार थॉमस लॉरेन्स 1802 मध्ये या पहिल्या मापाचे 30 गिनी (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त), हाफ-लेंग्थचे 60 आणि पूर्णाकृतीचे 120 गिनी घेत असे. 1810 पर्यंत पहिल्याचे 100 आणि पूर्णाकृतीचे 400 झाले. आता 30 बाय 25 मध्ये काय मावतं? डोकं, खांदे आणि छाती. हात बहुधा बाहेरच राहतात. किट-कॅटमध्ये एखादा हात येतो, हाफ-लेंग्थमध्ये दोन्ही हात, टेबल आणि खुर्ची. आणि व्यापाऱ्याच्या चित्रात त्याचा धंदा दिसतो तो हातातच. लेखणी, पत्र, नकाशाची गुंडाळी, वहीत खुपसलेलं बोट. सर्वांत स्वस्त माप निवडलं की हात जातात आणि हातांबरोबर धंदाही जातो. उरतो तो एक सभ्य चेहरा, जो वकिलाचाही असू शकेल आणि धर्मोपदेशकाचाही. म्हणून अशा चित्रात व्यापाराची खूण नाही एवढ्यावरून ‘यांना लाज वाटत होती’ असा निष्कर्ष काढणारा लेखक मुळातच घसरतो. कधीकधी माणसाने फक्त 30 गिनीच मोजलेले असतात.

याउलट जिथे ऐपत होती, माप मोठं होतं, चित्रकार हात रंगवायला तयार होता, आणि तरीही टेबलावर होमरची प्रत आहे पण मालाची यादी नाही, तिथे मौन बोलायला लागतं. काय दाखवायचं हे तिथे कोणीतरी निवडलेलं आहे. स्पॅनिश चित्रकार गोयाने 1792 मध्ये काडीझच्या सेबास्तियान मार्तिनेझ या व्यापाऱ्याला रंगवलं, तेव्हा त्याच्या हातात कागद दिला आणि त्या कागदावर मैत्रीचा मजकूर स्वतःच्या सहीने लिहिला. काडीझ म्हणजे स्पेनच्या अमेरिका-व्यापाराचं बंदर. तिथल्या व्यापाऱ्याचं सगळं जगणं पत्रांवर चाले, आणि चित्रात ते पत्र धंद्याचं न राहता चित्रकाराच्या दोस्तीचं झालं. व्यापारी एका झटक्यात रसिक ठरला. पुढच्याच वर्षी त्या भयंकर आजारात, ज्यात त्याची श्रवणशक्ती गेली, गोया याच मार्तिनेझच्या घरी होता. तेव्हा मैत्री खोटी नव्हती. पण चित्रातल्या खऱ्या गोष्टीसुद्धा निवडूनच आलेल्या असतात.

‘ही सगळी खुशामत’ असं म्हणणाऱ्यांसाठी कोपनहेगनचं एक उदाहरण पुरेसं आहे. डॅनिश चित्रकार एकर्सबेर्गने 1818 मध्ये रंगवलेलं नाथानसन कुटुंब. मेंडेल लेव्हिन नाथानसन हा ज्यू व्यापारी. डेन्मार्कमध्ये ज्यूंना व्यापक नागरी हक्क देणारं फर्मान 1814 चं, आणि त्यामागच्या खटपटीत हा माणूस होता. चित्रात आईवडील राणीची भेट घेऊन घरी परतताहेत आणि मुलांची त्यांच्याभोवती धांदल उडाली आहे. वरवर पाहता श्रीमंताचा दिवाणखाना. पण चार वर्षांपूर्वी कायद्याने पदरात पडलेलं नागरिकत्व इथे घरगुती, सहज, जणू कायमचंच असल्यासारखं मांडलं आहे. राजवाड्यातून परत येणं ही या घरात नेहमीची बाब आहे, असं ते चित्र ठासून सांगतं. याला खुशामत म्हणायचं का? हा दावा आहे, आणि तो करायला तेव्हा छाती लागत होती. ‘व्यापाऱ्यांची चित्रं’ असा एकच गठ्ठा करून सगळ्यांना एकच शिक्षा सुनावणाऱ्यांना नाथानसनचं काय करायचं, याचं उत्तर देता येत नाही.

आता विरोधी पक्षाच्या मुद्द्यांकडे येऊ. त्यांतला सर्वांत वजनदार मुद्दा असा की भिंत तटस्थ नसते. सोनेरी चौकटीत, प्रकाशझोतात, नजरेच्या उंचीवर टांगणं हा मान आहे, तुम्ही खाली काहीही लिहा. हे मला मान्य आहे. एखाद्या बँकेच्या संचालक मंडळाच्या खोलीत संस्थापकाची तसबीर असते ती उलटतपासणीसाठी नव्हे, ती तिथे अजूनही मालकीणबाईसारखी बसलेली असते. पण यातून निघतं ते एवढंच की मानाची जागा आणि अभ्यासाची जागा वेगळ्या आहेत. हे मुंबईने साठ वर्षांपूर्वीच करून दाखवलं आहे. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये काळा घोडा चौकातून काढून राणीच्या बागेत नेला. तो वितळवला नाही. आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात जुन्या साहेबांचे पुतळे उभे आहेत आणि त्यांना नमस्कार करायला कोणी जात नाही. ब्रिस्टलनेही शेवटी तेच केलं. कोल्स्टनला पाण्यातून काढून, अंगावरच्या रंगासकट, 2021 मध्ये तिथल्या संग्रहालयात आडवा ठेवला. तेव्हा मंडळाच्या खोलीतली तसबीर संग्रहालयात हलवायची असेल तर खुशाल हलवा. संग्रहालयातली तळघरात हलवण्याचं समर्थन मात्र त्या मुद्द्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप कलाप्रेमींचा. चौकटीखाली गुलामांचे आकडे लिहिले की लोक पट्टी वाचतात, चित्र बघत नाहीत. हेही बरंचसं खरं आहे. अलीकडच्या कित्येक पट्ट्या चार ओळींत इतिहास, निषेध आणि माफी असं सगळं कोंबतात आणि चित्रातल्या एकाही गोष्टीकडे बोट दाखवत नाहीत. पण हा दोष पट्टी नीट न लिहिण्याचा आहे. जर्मन चित्रकार फिलिप ओटो रुंगेचं ‘ह्युल्सेनबेक मुलं’ घ्या, 1805-06 मधलं, सध्या हॅम्बुर्गच्या कुन्स्टहालेत असलेलं. तीन मुलं, एक गाडा, राक्षसी सूर्यफुलं, मागे पांढरं कुंपण आणि लांब क्षितिजावर शहर. डोळ्यांची पातळी मुलांच्या उंचीला आणलेली, त्यामुळे कुंपण तोकडं आणि मुलं अवाढव्य वाटतात. मुलांचा बाप हा रुंगेच्या थोरल्या भावाचा धंद्यातला भागीदार. आता एवढंच कळलं की क्षितिजावरचं ते शहर नुसता देखावा राहत नाही. ती बापाची पेढी आहे, आणि मुलं तिच्याकडे पाठ करून खेळताहेत. नोव्हेंबर 1806 मध्ये फ्रेंच फौजा हॅम्बुर्गमध्ये शिरल्या आणि नेपोलियनच्या नाकेबंदीने बंदराचा श्वास कोंडला. हे कळल्यावर चित्र कमी दिसतं की जास्त?

तिसरा आक्षेप ‘काळाचा चष्मा’ वाला. तेव्हा ते कायदेशीर होतं, आजच्या नीतीने कालच्या माणसाला कशाला मोजता? मला हा सर्वांत कच्चा वाटतो, कारण तो इतिहासाच्या नावाने इतिहासच विसरतो. चिनीमातीच्या भांड्यांचा इंग्रज कारखानदार वेजवूडने साखळदंडातल्या गुलामाचं पदक 1787 मध्ये काढलं. 1791 मध्ये इंग्लंडात हजारो घरांनी वेस्ट इंडीजची साखर बंद केली. गुलामांच्या व्यापारावर बंदीचा कायदा 1807 चा. अफूचंही तेच. चीनच्या कॅन्टन बंदरात ओलिफंट नावाची अमेरिकन पेढी अफूला हातही लावत नव्हती, आणि बाकीचे व्यापारी तिच्या जागेला चेष्टेने ‘झायनचा कोपरा’, म्हणजे बायबलमधल्या पवित्र टेकडीचा कोपरा, म्हणत. म्हणजे चूक आहे हे सांगणारे लोक त्याच गावात, त्याच गल्लीत होते. आपण या व्यापाऱ्यांना मोजतो ते त्यांच्या शेजाऱ्याच्याच मापाने.

पण मोजायचं तर नेमकं मोजा, आणि इथे मला उतरवा-पक्षाशी भांडायचं आहे. जॉन ज्युलियस अँगरस्टाइनचं उदाहरण घेतो, कारण ते गैरसोयीचं आहे. हा लंडनच्या लॉइड्स या विमा-बाजाराचा अध्यक्ष राहिलेला सागरी विम्याचा बडा दलाल. लॉरेन्सचा मित्र आणि आश्रयदाता. त्याचं आणि त्याच्या बायकोचं लॉरेन्सने 1792 मध्ये केलेलं चित्र लुव्रमध्ये आहे. 1823 मध्ये तो वारला, आणि पुढल्या वर्षी सरकारने त्याच्या संग्रहातली 38 चित्रं 57,000 पौंडांना घेऊन लंडनची नॅशनल गॅलरी सुरू केली, तीही सुरुवातीला त्याच्याच पॅल मॅलवरच्या घरात. ग्रेनाडामधल्या मळ्यांशी त्याचा विश्वस्त म्हणून संबंध होता, आणि लॉइड्सच्या विम्याखाली गुलामांची जहाजंही जात. आता इथे टाळ्या घेणारं वाक्य सहज जमतं. 1781 मध्ये ‘झाँग’ जहाजावरून 130 हून अधिक गुलामांना समुद्रात फेकलं, आणि मालकांनी विम्यात माणशी 30 पौंड मागितले. 1802 मध्ये लॉरेन्सकडून डोक्याचं चित्र काढायला 30 गिनी पडत. बघा, दोन्हीकडे तीसच! पण या शेजारपणातून सिद्ध काय होतं? झाँगच्या विमेकऱ्यांत अँगरस्टाइन नव्हता, आणि आकड्यांची गाठ पडली ती योगायोगाने. उलट 1786 मध्ये लंडनमधल्या गरीब कृष्णवर्णीयांच्या मदतीसाठी जी समिती निघाली, तिचा तो सदस्य होता. म्हणजे ‘गुलामांचा मालक’ एवढीच पट्टी लावली तर ती अर्धवट, आणि ‘दानशूर संग्राहक’ लावली तरी अर्धवट. तो स्वतःच्या हाताने चाबूक न धरता, सह्या करून या व्यवस्थेत उभा होता. बहुसंख्य श्रीमंत लोक असेच उभे होते, आणि चाबूकवाल्या खलनायकाच्या शोधात निघालेल्यांच्या हाती नेमके हेच लागत नाहीत.

नेमकेपणा शक्य नाही, कागद कुठे आहेत, असं म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. गुलामगिरी रद्द करणाऱ्या 1833 च्या कायद्याने ब्रिटनने दोन कोटी पौंड भरपाई दिली. ती गुलामांना मिळाली नाही, मालकांना मिळाली. त्यासाठी आलेल्या सुमारे 46,000 दाव्यांची दप्तरं शाबूत आहेत. त्यात नाव, वसाहत, मळा, डोकी, रक्कम सगळं आहे, विधवा आणि विश्वस्तसुद्धा आहेत. चित्राची मागची बाजू हे दुसरं दप्तर. इंग्लंडमध्ये कॅनव्हासवर 1831 पर्यंत जकातीचा शिक्का असे, आणि विक्रेत्याचाही, उदाहरणार्थ हाय हॉलबर्नच्या थॉमस ब्राउनचा. विक्रेत्याचा पत्ता बदलला की शिक्का बदलतो, त्यावरून चित्राचं साल काही वर्षांच्या टप्प्यात आणता येतं. अडचण अशी की एकोणिसाव्या-विसाव्या शतकात सर्रास नवं कापड सरस किंवा मेणाने मागे चिकटवून चित्रं ‘मजबूत’ केली गेली आणि शिक्के त्या अस्तराखाली गाडले गेले.

मौन वाचणाऱ्यांना आणखी एक इशारा देणं भाग आहे. चित्रातली प्रत्येक गैरहजेरी मालकाने ठरवलेली नसते. या काळातल्या चित्रकारांना गडद, खोल सावल्यांचा भारी सोस. त्यासाठी ते डांबरासारखं बिट्युमेन वापरत. ते कधीच पुरतं वाळत नाही, उष्णतेने सैल पडतं, वरचा थर आकसतो आणि सुसरीच्या पाठीसारख्या रुंद भेगा पडतात. चेहऱ्यात शिशाचा पांढरा भरपूर. तो लवकर वाळतो, घट्ट आणि लवचीक थर देतो. म्हणून दोनशे वर्षांनी चेहरा शाबूत असतो आणि काळा कोट व पार्श्वभूमी यांची वाताहत झालेली असते. त्यात आणखी मेगिल्प, म्हणजे मस्तकी वार्निश आणि जवसाचं तेल यांचं मऊ लोण्यासारखं मिश्रण. रंग त्यात सुरेख सरकतो, पण पुढे पिवळा पडतो, आणि जुनं वार्निश काढायला जे द्रावण वापरावं त्यातच तोही विरघळतो. घाईने साफसफाई केली की आधी जातात त्या अंधारातल्या पातळ थरांत रंगवलेल्या वस्तू, मग ते कोपऱ्यातलं पुस्तक असो, खिडकीबाहेरचं शीड असो की सावलीत उभा असलेला नोकर. तेव्हा ‘यात जहाज का नाही’ असा सवाल करण्याआधी क्ष-किरण आणि अवरक्त छायाचित्र बघावं. आरोपी गप्प राहिला की त्याची जीभ कोणी कापली, हे आधी कळायला हवं.

हा सगळा वाद युरोपातच घुटमळतो, पण व्यापाऱ्याची तसबीर म्हणजे काय हे कॅन्टनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतं. तिथला बडा चिनी व्यापारी हाउक्वा, मूळ नाव वू बिंगजियान, 1834 मध्ये त्याची मालमत्ता दोन कोटी साठ लाख डॉलर धरली जात होती. त्याला इंग्रज चित्रकार जॉर्ज चिनरीने रंगवलं. हा चिनरी भारतात 1802 ते 1825 काढून, कर्जदारांना चुकवून मकावला पळालेला. पुढे लामक्वा या चिनी चित्रकाराने तीच धाटणी उचलली आणि कितीतरी कमी दरात विकायला काढली. चिनरीचा त्याच्यावर भयंकर राग. हाउक्वाच्या तसबिरीच्या नकलांवर नकला झाल्या आणि त्या बोस्टन-फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांच्या घरी गेल्या. कृश चेहरा, गडद झगा, गळ्यात दरबारी मण्यांची माळ. ज्याच्या शब्दावर चहाची आख्खी जहाजं भरली जात, त्या माणसाचा चेहरा समुद्रापलीकडच्या दिवाणखान्यात टांगणं म्हणजे आपली पत टांगणं. तिथे कला आणि धंदा वेगळे काढून दाखवा! आणि याच लामक्वाने कॅन्टनमधल्या अमेरिकन मिशनरी डॉक्टर पीटर पार्करसाठी गाठी-अर्बुदांनी ग्रासलेल्या रुग्णांची चित्रं केली, त्यातली ऐंशीहून अधिक येल विद्यापीठात आहेत. कोटवाल्या श्रीमंतांना आणि त्या रुग्णांना त्याने त्याच तैलरंगांत, त्याच सफाईने रंगवलं. हाउक्वाला भिंतीवरून काढलं तर लामक्वाही जातो, हे उतरवा म्हणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

आणि कॅन्टन म्हटलं की मुंबई आलीच. जमशेटजी जीजीभाईंच्या ओळखीच्या चित्रात त्यांच्यासोबत एक चिनी सहायक आहे. चीनशी असलेला संबंध लपवलेला नाही, उलट मिरवला आहे. लपलेला आहे तो माल. कापूस होता, तसं माळव्याचं अफूही होतं, आणि जार्डिन-मॅथेसन ही ब्रिटिश पेढी त्यातली भागीदार. 1839 मध्ये चिनी अधिकारी लिन झेशूने अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, तो माल काही आभाळातून पडला नव्हता. माळव्याच्या एका पेटीत सुमारे 60 किलो अफू असे आणि ते पिकत होतं शिंदे-होळकरांच्या मुलखात. तेव्हा हा प्रश्न पारशांचा किंवा साहेबाचा म्हणून आपल्याला झटकता येत नाही. त्याच संपत्तीतून रुग्णालय उभं राहिलं, आणि लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये ते कलाविद्यालय सुरू झालं, जिथे धुरंधरांसारखे आमचे व्यक्तिचित्रकार शिकले. मराठी माणसाच्या हातात तैलरंगाचा कुंचला आला तो बराचसा या वाटेने.

म्हणून जमशेटजींच्या तसबिरीखाली काय लिहावं, हा मला खरा प्रश्न वाटतो. ‘थोर दानशूर’ एवढंच लिहिलं तर ते अँगरस्टाइनच्या जुन्या पट्टीसारखं होतं. ‘अफूचा व्यापारी’ एवढंच लिहिलं तर ते नव्या पट्टीसारखं. मी लिहीन ते असं: चीनशी व्यापार, कापूस आणि माळव्याचं अफू, भागीदार पेढीचं नाव, 1842 मध्ये नाइट, 1857 मध्ये बॅरोनेट, दिलेल्या देणग्या, रकमेसह आणि सालासह, आणि एक ओळ त्या चिनी सहायकासाठी, की पाहणाऱ्याने त्याच्या हातांकडे बघावं. विशेषणं एकही नकोत. आणि चित्राला अस्तर लावायची वेळ आलीच, तर आधी मागच्या बाजूचा फोटो काढून तो दप्तरी ठेवावा.